तळहाताएवढी काच

तिसरी मेलेली सापडली ती फिल्टरच्या नळीमागं. पांढरं पोट वर, शेपूट नळीत अडकलेली.

बशीरनं चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि माशांच्या काचेच्या पेटीपुढं वाकला. तासाभरापासून तो मोजत होता. एक दगडावर, एक मागच्या काचेवर, एक वाळूवर. तीनच भरत होत्या. चौथी कुठंतरी लपली असेल म्हणून त्यानं पेटीच्या तिन्ही बाजूंनी पाहिलं, खाली फरशीवर बसून पाहिलं. शेवटी नळी हलवली तेव्हा ती सुटली आणि हळूहळू वर आली.

चहाच्या गाळणीनं त्यानं तिला बाहेर काढलं. तळहातावर घेतली तर वजनच लागेना. बोटाच्या पेराएवढा जीव. मातकट पाठ, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ, आणि डोक्याखाली काचेला चिकटायचं गोल तोंड. दुकानात ह्या माशांना ओटो म्हणायचे. त्याची बायको ताहेराबी त्यांना चाटक्या म्हणायची, कारण दिवसभर त्या काच चाटत असायच्या.

"पाण्यात तर काय बी न्हाय," बशीर मोठ्यानं म्हणाला. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

पाण्यात काही नाही हे त्यानं सकाळीच तपासलं होतं. भूमच्या पाणीपुरवठ्यावर त्यानं एकतीस वर्षं पंप चालवला होता. टाकीत टीसीएल पावडर किती टाकायची, नळाला क्लोरीन किती यायला पाहिजे, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. रिटायर होताना तपासणीची छोटी काचनळी आणि औषधाची बाटली तो घरी घेऊन आला होता. नळीत पाणी घ्यायचं, चार थेंब टाकायचे. पिवळं झालं की समजायचं, क्लोरीन आहे. पेटीतलं पाणी पिवळं होत नव्हतं. काल नाही, आज नाही. शिवाय नळाचं पाणी त्यानं दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवून मगच पेटीत घातलं होतं, अगदी ताहेरा ठेवायची तसं. पाणी इतकं नितळ होतं की तळाच्या वाळूचा कण न् कण दिसत होता. एवढं स्वच्छ पाणी आपण गावाला कधी पाजलं नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मग मरतात कशानं?

आज मंगळवार. रविवारी लेक निखत येणार होती.

फोन वाजला तेव्हा मेलेली चाटकी अजून त्याच्या हातातच होती. निखतच होती. लातूरला शाळेत शिकवायची. मधल्या सुट्टीत रोज फोन करायची.

"अब्बा, जेवलात का?"

"व्हय, जेवलो."

"काय केलं होतं?"

"खिचडी."

"कालपण खिचडीच म्हणालात."

"मग खिचडी काय एका दिवसात जुनी व्हती का?"

ती हसली. मग आवाज थोडा बदलला. "अम्मीच्या चाटक्या कशा आहेत?"

बशीरनं मूठ मिटली. "झ्याक हायत."

"सहाच्या सहा?"

"व्हय गं. पळत्यात इकडं तिकडं."

"मी रविवारी येताना झाकणाची बादली आणते. तुमच्याच्यानं होत नसेल तर घेऊन जाते, अब्बा. अम्मीनं मला सांगितलं होतं."

"व्हतंय. समदं व्हतंय," बशीर म्हणाला आणि फोन ठेवला.

ताहेरानं निखतला सांगितलं होतं ते त्याच्या समोरच. सोलापूरच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात. "चाटक्या तू घेऊन जा बेटा, अब्बाला न्हाय जमायचं." तेव्हा बशीरला राग आला होता. "का न्हाय जमायचं? एवढ्या गावाला पाणी पाजलं म्या. सहा माशास्नी न्हाय सांभाळता यायचं व्हय?" ताहेरा त्याच्याकडं बघत राहिली होती. "बरं," म्हणाली होती, "सांभाळा मग." त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. म्हणजे बघायला गेलं तर त्यानं तिला दिलेला शेवटचा शब्द हाच होता.

सुपारीची रिकामी डबी धुऊन त्यानं तिच्यात ओल्या कापसावर मेलेली चाटकी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो बार्शीला निघाला.

*

मासे विकणाऱ्या बसवराजचं दुकान स्टँडजवळच्या बोळात होतं. ताहेरा त्याच्याकडूनच मासे आणायची, एवढंच बशीरला माहीत होतं. तो स्वतः कधी तिच्यासोबत आला नव्हता. भूम ते बार्शी एसटीचे धक्के खात कोण जाणार मासे आणायला, म्हणायचा.

बसवराज चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडात मावा. त्यानं डबी उघडली आणि मावा गालात सरकवला.

"चाचा, मेलेला मासा घेऊन येणारं पहिलंच गिऱ्हाईक तुमी. बदलून देत न्हाई हां आपण."

"बदलून नको. कशानं मेली तेवढं सांग. पाण्यात दोष न्हाय. माझी जिंदगी पाण्यात गेलीया."

बसवराजनं चाटकी काडीनं उलटी केली आणि डबी उजेडात धरली. "हे बघा. पोट बघा."

"काय झालंय पोटाला?"

"खपाटीला गेलंय. ह्यो मासा आजारानं न्हाई मेला चाचा. उपाशी मेलाय."

"उपाशी?" बशीरचा आवाज चढला. "अरं रोज टाकतोय की खायला! सकाळी चिमूट, संध्याकाळी चिमूट. डबी संपत आली."

"ते लाल दाणे? ते ह्यांच्या काय कामाचे? ह्ये त्याला तोंड बी लावत न्हाईत. ह्ये काचेवरचं, दगडावरचं हिरवं चाटून जगत्यात. शेवाळ." बसवराजनं डबी मिटली. "काच कधी घासली तुमी?"

बशीरनं डबी परत खिशात घातली.

काच त्यानं घासली होती ताहेराच्या चाळिसाव्याला. चाळिसाव्या दिवशी फातेहा, पाहुण्यांचं जेवण. निखत, तिच्या सासरची माणसं, वाशीचे मेहुणे, गल्लीतले लोक, सगळे येणार. घर नीट दिसायला पाहिजे. त्यानं चार दिवस घर उपसलं. माळ्यावरचे डबे, खिडक्यांच्या जाळ्या, न्हाणीघराची फरशी. आणि बैठकीत आल्या आल्या दिसणारी ती पेटी, चारी बाजूंनी हिरवी झालेली. वर्षानुवर्षं त्याला तिची लाज वाटायची. दुखवट्याच्या घरी लोकांनी असली घाण बघायची? त्यानं सहा जणींना बादलीत काढलं, पेटी अंगणात नेली आणि तारेच्या घासणीनं चारी काचा, दगड, नळी, सगळं घासलं. टाकीचा माणूस. शेवाळ कसं खरवडायचं ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. पाहुण्यांनी पेटी बघून मान डोलावली. मेहुणे म्हणाले, "आपाच्या मागं बशीरभाईनं घर आरशासारखं ठेवलंय."

"चाळिसाव्याला घासली," बशीर बसवराजला म्हणाला.

"कुणाचा चाळिसावा?"

"तुझ्याकडून मासे न्यायची तिचा. ताहेराबी. भूमची."

बसवराज उठून बाहेर गेला. मावा थुंकून, तोंड धुऊन आला आणि स्टुलावर बसला. 

"निळी पिशवी घेऊन यायच्या चाची," तो म्हणाला. "माशांची थैली मांडीवर धरून जायच्या. एकदा म्या त्यांना काच पुसायचा चुंबक दाखवला, आतबाहेर लावून फिरवायचा. म्हणल्या, का रं बाबा, जेवायला बसल्याल्या पोरींम्होरलं ताट वढू व्हय?"

बशीर हसला नाही. "आता काय करू त्ये सांग. तीन राहिल्यात."

"दुधी न्हाईतर काकडी उकडून घाला, चमच्याला बांधून. खाल्लं तर खाल्लं. न्हाईतर हिरवा दगड पायजे. बरणीत पाणी आन् दगड घालून उन्हात ठेवा, आठ-दहा दिवसांत धरतंय शेवाळ."

"आठ-दहा दिवस त्या काढत्याल का?"

बसवराजनं खांदे वर केले. मग मागच्या टाकीकडं हात दाखवला. तिथं काचेवर तसल्याच पंधरावीस चिकटलेल्या होत्या, गोल पोटांच्या. "ह्यातल्या तीन देतो. पैशाचं राहू द्या. सगळ्या सारख्याच दिसत्यात, घरच्यांना कळणार बी न्हाई."

बशीर त्या टाकीपुढं उभा राहिला. खरंच सारख्याच होत्या. रविवारी निखत येईल, मोजेल, सहा भरतील. बादली रिकामी घेऊन परत जाईल. हात खिशाकडं गेला तसा त्यानं तो मागं घेतला.

"हायत त्यास्नी घालाया न्हाय," तो म्हणाला. "आनखी तीन नेऊन उपाशी मारू व्हय?"

परतीच्या एसटीत त्याला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते त्याला सांगता आलं नसतं. मांडीवर हात ठेवून तो बसला होता. आधी गाल आत गेले होते ताहेराचे. मग मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ती रोज त्याच्या समोर जेवायला बसायची. भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, ताटाच्या कडेला ठेवायची. "जेवलीस का?" तो विचारायचा. "व्हय, जेवले," ती म्हणायची. आणि तो हात धुवायला उठायचा. डॉक्टरनं विचारलं होतं, किती महिन्यांपासून जेवण कमी झालंय? बशीरला सांगता आलं नव्हतं.

*

दुधी त्यानं उकडला, काकडी उकडली. चमच्याला दोऱ्यानं बांधून पेटीत सोडली आणि समोर बसून राहिला. एक चाटकी आली, फोडीला हुंगल्यासारखं केलं आणि निघून गेली. दोघी तर आल्याच नाहीत. संध्याकाळी पाणी गढूळ व्हायला लागलं म्हणून फोड काढून टाकावी लागली.

गच्चीवर त्यानं लोणच्याच्या पाच बरण्या मांडल्या, प्रत्येकीत दगड आणि पाणी. पण परतीच्या पावसाचे दिवस. आभाळ तीन दिवसांपासून गच्च भरून होतं. पडतही नव्हतं, उघडतही नव्हतं. गुरुवारी सकाळी तो चार वेळा गच्चीवर गेला. बरण्यांतले दगड होते तसेच होते. आयुष्यभर ज्या शेवाळाचा पाठलाग केला, कोपऱ्याकोपऱ्यात घुसून खरवडलं, मोरचूद टाकून मारलं, ते आता बोलावूनही येत नव्हतं.

फिल्टर हाऊसच्या हौदात शेवाळ आहे हे त्याला माहीत होतं. तिथल्या पोरांनी दिलंही असतं. पण त्या शेवाळात मोरचूद मुरलेला असणार. एक कण मोरचूद म्हणजे तिघींचा खेळ खलास. दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं, पण मोरचूद टाकणारा तोच होता.

मग त्याला अण्णाची डोण आठवली.

अण्णा नगरपरिषदेत पाणीपट्टीचा कारकून होता. बशीर पाणी सोडायचा आणि अण्णा त्याची बिलं फाडायचा, अशी दोघांची तीस वर्षं गेली होती. आता तो गावाबाहेरच्या मळ्यात दोन म्हशी घेऊन राहत होता. विहिरीजवळ म्हशींना पाणी प्यायला दगडाची जुनी डोण होती. बशीर सायकलवरून उतरला तेव्हा अण्णा बाजेवर बसून तंबाखू मळत होता.

"या बशीरभाई. आज मळ्याची वाट कशी काय सापडली?"

"अण्णा, तुमच्या डोणीत शेवाळ हाय का?"

अण्णानं तंबाखू चोळायची थांबवली. "म्हणजे काय विचारता? दोन वर्षं घासली नाही. सूनबाई रोज बोलते मला त्यावरून."

"बरं झालं न्हाय घासली. मला दगड पायजेत. हिरवे."

"तुम्हाला? शेवाळ?" अण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. "गावाच्या टाकीत दोरीला लोंबकळून खरवडत होतात तेव्हा मी वरून बॅटरी धरायचो. आता दारोदार शेवाळ मागत हिंडताय व्हय?"

बशीरनं सगळं सांगितलं. चाळिसाव्यापासून बसवराजपर्यंत.  अण्णाचं हसू कधीच थांबलं होतं. तो धोतर सावरत उठला.

"चला. लागतील तेवढे न्या."

डोणीच्या तळाशी गोटे होते, मऊ हिरव्या लवेनं झाकलेले. बशीरनं हात घातला आणि थांबला.

"अण्णा, म्हशीला गोचिडाचं औषध मारलं का कधी?"

"मारलं की. परवाच."

"कुठं बांधून?"

अण्णा घुटमळला. "इथंच. डोणीच्या अलीकडं."

बशीरनं हात बाहेर काढला. विषच ते. वाऱ्यानं शिंतोडा उडाला असेल तर? म्हैस औषध लागलेलं तोंड डोणीत घालून पाणी प्यायली असेल तर?  तो डोणीच्या काठावर हात टेकून पाण्यात बघत राहिला. बराच वेळ बघितल्यावर त्याला कोपऱ्यात हालचाल दिसली. डासांच्या आळ्या. वळवळत वर यायच्या, खाली जायच्या.

"आळ्या जित्या हायत," तो म्हणाला.

"आयुष्यभर ह्याच आळ्या मारल्यात तुम्ही," अण्णा हळूच म्हणाला.

"पन दगडाला किती लागलंय, काय सांगावं."

त्यानं सात गोटे घेतले, बादलीत घातले, डोणीतलं पाणी आणि ओंजळभर आळ्याही घेतल्या. घरी आल्यावर ड्रममधल्या दोन दिवसांच्या पाण्यानं गोटे दोनदा विसळले, हिरव्याला धक्का लागणार नाही असे. मग स्वच्छ बादलीत गोटे, पाणी आणि आळ्या सोडल्या. उद्या सकाळपर्यंत आळ्या जगल्या तर गोटे चांगले. पंपावर नवीन विहिरीचं पाणी आलं की तो असाच थांबायचा. घाई करणाऱ्या साहेबांना सांगायचा, गावाला पाजायचंय, एक दिवसानं काय कुणी मरत न्हाय.

पेटीत मात्र एका दिवसाचा प्रश्न होता. सगळ्यात बारीक चाटकी आता काचेवरही राहत नव्हती. चिकटायची, निसटायची, वाळूवर पडायची. बशीर बादलीशी जायचा, पेटीशी यायचा. एकदा त्यानं एक गोटा उचलला आणि पेटीवर धरला. हिरवं पाणी ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आलं. आत सोडला तर ती जगेल. किंवा तिघीही मरतील. त्यानं गोटा परत बादलीत ठेवला. 

शुक्रवारी सकाळी आळ्या जिवंत होत्या, सगळ्याच्या सगळ्या. बारीक चाटकी वाळूवर आडवी पडली होती.

तिच्याकडं नीट बघायला बशीरनं वेळ घेतला नाही. आधी गोटे उचलले आणि एकेक करून पेटीत ठेवले. सगळे ठेवून झाल्यावर मगच गाळणी घेतली.

दोघी राहिल्या. दिवसभर त्या मागच्या कोपऱ्यात तोंडाला तोंड लावून बसल्या. गोट्यांकडं फिरकल्याच नाहीत. तो जुम्याच्या नमाजला गेला, पण दुआला हात उचलल्यावर काय मागावं ते त्याला कळेना. माशांसाठी मागतात का? परत येताना गल्लीत कोणीतरी सलाम केला, त्याला उत्तर द्यायचंही राहून गेलं. घरी आला, चप्पल न काढताच पेटीजवळ गेला.

गोट्यावर एक चाटकी बसली होती. तिचं डोकं खालीवर, खालीवर होत होतं. ती जिथून सरकत होती तिथं हिरव्यात बोटाएवढा काळा पट्टा उघडा पडत होता.

बशीर तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसला.

*

निखत रविवारी अकराच्या एसटीनं आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात झाकणाची बादली. बशीरनं तिला पाणी दिलं. ती पाणी पीत पीतच पेटीकडं वळली. बशीरला वाटलं होतं, आधी चहा करू, मग सांगू. पण ती मोजायला लागली होती. दगडांमागं वाकून बघत होती, तो मंगळवारी बघत होता तशीच.

"चौघी मेल्या, निखत," तो म्हणाला.

ती वळली.

"माझ्या हातनं मेल्या. चाळिसाव्याला काच घासली म्या, त्येच्यावरचं शेवाळच त्यांचं खाणं व्हतं. मला ठावं नव्हतं. सोबत राहत व्हतो, पन कधी बघितलंच न्हाय ती कसं करती ते. तुला फोनवर खोटं बोललो. ह्या दोघीस्नी घेऊन जा तू. तुझी अम्मी बराबर म्हणत व्हती."

निखतनं ग्लास खाली ठेवला. पेटीपुढं वाकून तिनं त्या दोघींना पाहिलं. रडेल असं बशीरला वाटलं. ती रडली नाही.

"मी पण बघितलं नाही, अब्बा," ती म्हणाली. "रोज फोन करायचे. रोज विचारायचे, अम्मी जेवलीस का. व्हय म्हणायची, जेवले. मी फोन ठेवायचे."

ती कशाबद्दल बोलते आहे हे दोघांनाही कळलं होतं.  मग तो चहा ठेवायला आत गेला, आणि साखर कुठं ठेवली ते त्याला आठवेना. निखत मागून आली, डबा काढून दिला.

दुपारी दोघं एका ताटात जेवले. ती त्याच्या घासाकडं बघत होती, तो तिच्या. मधेच दोघांच्याही ते लक्षात आलं.

"काय बघता?" ती म्हणाली.

"तू काय बघतीस?"

संध्याकाळी ती निघाली तेव्हा बशीरनं बादली पुढं केली. तिनं पेटीकडं पाहिलं. "आत्ता कुठं खायला लागल्यात. परत हलवलं तर राहायच्या नाहीत. राहू द्या इथं."

"आन् मेल्या तर?"

"मग मला खरं सांगा," निखत म्हणाली. बादली तिनं न्हाणीघरात नेऊन पालथी घातली.

*

दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं. गच्चीवरच्या बरण्यांतल्या दगडांना लव धरली. बशीरनं आळीपाळीनं दगड बदलायची पद्धत बसवली. एक पेटीत, एक उन्हात, पंपाच्या पाळ्या लावल्यासारखी. पेटीच्या काचेवर आधी धुरकट साय आली, मग फिकट हिरवा रंग, मग असा दाट की आतलं काही दिसेना. अण्णा एकदा चहाला आला आणि बघून म्हणाला, "वा! आता कशी डोणीसारखी दिसते."

पण आतलं काही दिसेना ही नवीनच अडचण झाली. दोघींची पोटं कशी आहेत, कळायला मार्ग नव्हता. वरून बघितलं तर नुसत्या पाठी दिसायच्या. पोट दिसायचं तर ती समोरच्या काचेला चिकटलेली पाहिजे आणि तेवढी काच स्वच्छ पाहिजे. एक दिवस, दोन दिवस तो पेटीभोवती फिरत राहिला. कापड हातात घ्यायचा, ठेवायचा.

ताहेराच्या वेळी काचेवर एक गोल असायचा. समोरच्या बाजूला, खालच्या अंगाला, तळहाताएवढा. तेवढाच पुसलेला. बाकी चारी बाजू हिरव्यागार. बशीर तिला हसायचा. "पुसती तर आख्खी पूस की. एवढंसं भोक कशाला?" ती म्हणायची, "मला बघाया एवढं पुरतंय." त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. तारेच्या घासणीनं काच घासली तेव्हा तो गोलही त्यातच गेला. तेव्हा वेगळा असा दिसलाही नव्हता.

त्यानं बाही दंडापर्यंत वर केली आणि उभ्यानंच पाण्यात हात घातला. मग थांबला. गोल नेमका कुठं होता ते त्याला उभ्यानं सांगता येईना. न्हाणीघराजवळ ताहेराचा लाकडी पाट उभा करून ठेवलेला होता, भाजी चिरायला ती बसायची तो. त्यानं तो आणला, पेटीपुढं ठेवला आणि गुडघे धरून खाली बसला. आता डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले. त्यानं पुन्हा हात आत घातला आणि समोर, डोळ्यांपुढं, तळव्यानं काच पुसली. गोल गोल, हळू. हिरवं सुटून पाण्यात तरंगलं आणि खाली बसलं. तळहाताएवढं झाल्यावर त्यानं हात बाहेर काढला.

फोन वाजला. निखत.

"अब्बा, जेवलात का?"

"व्हय," म्हणायला त्यानं तोंड उघडलं. "न्हाय," तो म्हणाला. "आजून न्हाय. भाजी केलीया. थोडं थांबून जेवतो."

"का? काय करताय?"

"बसलोय."

फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. हात कोपरापर्यंत ओला होता, पाणी फरशीवर टपकत होतं. बऱ्याच वेळानं हिरव्यातून एक चाटकी सरकत आली. गोलाच्या कडेला थांबली आणि कड चाटायला लागली. चाटता चाटता तिचं अर्धं अंग स्वच्छ काचेवर आलं.

बशीरनं चष्मा पुसला आणि पुढं वाकला. पोट पांढरं होतं, गोल होतं.

"जेव," तो म्हणाला, आणि दुसरीची वाट बघत बसला.